कार्डावरची बायको

जिना चढताना सत्यशीलाला धाप लागायला लागली, तेव्हा तिच्या वहिनीने, मुक्ताईने, निदान करून टाकलं, "बसून काम ना वन्सं तुमचं. जरा हालचाल ठेवा." खरं तर सत्यशीला वाळत चालली होती. नारायण पेठेतल्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर दिवसभर पत्रिका दुमडायच्या, त्यांना गोंडे लावायचे आणि संध्याकाळी चालत कसब्यात भावाच्या घरी यायचं, हा तिचा बरीच वर्षं चाललेला क्रम. पूर्वी ती हे अंतर गप्पा मारता मारता संपवायची. आता शनिवारवाड्यापाशी आली की कठड्यावर टेकावं लागे. ओळखीचं कुणी भेटलं तर ती उगाच चपलेचा अंगठा नीट केल्यासारखं करायची.

एक दिवस पोटमाळ्याच्या शिडीवरच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मालकाने रिक्षात घालून घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ ज्ञानदेव तिला नदीपलीकडच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेला. ज्ञानदेव फोटोफ्रेमच्या दुकानात काचा कापायचा. बोलायला कमी, आणि बोलला तर काच कापल्यासारखं सरळ. डॉक्टरांनी सांगितलं की लहानपणी कधी तरी सांधेताप येऊन गेला असणार, त्यात हृदयाची झडप खराब झाली आहे. आता ती बदलायला हवी, आणि फार दिवस काढता येणार नाहीत. खर्चाचा आकडा ऐकून ज्ञानदेव म्हणाला, "पुन्हा सांगता का?" डॉक्टरांनी पुन्हा सांगितला नाही. म्हणाले, "अहो, घाबरू नका. सरकारची विमा योजना आलीय ना आता. हे ऑपरेशन तिच्यात बसतं. तुम्हाला एक पैसा पडणार नाही. खाली काउंटरवर आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडे जा. फक्त रेशनकार्ड आणा."

सरकारी कामात 'फक्त' हा शब्द कानावर आला की शहाण्या माणसाने आधी खाली बसून घ्यावं. पण ही दोघं भावंडं आनंदाने जिना उतरली.

योजनेच्या काउंटरवर बिलाल नावाचा तरुण होता. निळं जाकीट, समोर कॉम्प्युटर, बोलणं असं अदबीचं की माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. ज्ञानदेवने आपलं केशरी कार्ड पुढे केलं. बिलालने ते उघडलं, नावं वाचली आणि वर पाहिलं.

"ताईंचं नाव नाही यात."

"बहीण आहे माझी. सख्खी. माझ्याकडेच असते."

"ते मला पटलं हो दादा. कॉम्प्युटरला पटत नाही. ज्या कार्डावर नाव आहे ते त्यांचं कुटुंब, असं धरतात. ताई, तुमचं नाव कुठल्या कार्डावर आहे?"

हा प्रश्न सत्यशीलाला आजवर कुणी विचारलाच नव्हता. ती म्हणाली, "बिबवेवाडीला. नवऱ्याच्या."

"मग ते आणा, झालं काम."

झालं काम! सत्यशीला हसली. पाच वर्षांपूर्वी ती सर्जेराव शितोळेच्या घरातून बाहेर पडली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी होती आणि दुसरा हात गळ्यात बांधलेला होता. सर्जेराव हिंजवडीच्या कंपन्यांसाठी कॅब चालवायचा. त्या दिवशी पैशांवरून की भाजीवरून, कशावरून तरी तो बिथरला आणि गाडीच्या दाराच्या चौकटीवर तिचा हात होता, त्यावर त्याने दार लोटलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा चुकून लागलं असेल असं तिनेही स्वतःला समजावलं असतं. दुसऱ्या वेळेला समजवायला काही उरलं नाही. अशा वेळी माणसाला मंगळसूत्र आठवतं, दोन साड्या आठवतात. रेशनकार्ड कुणाला आठवणार? तिने माहेरी येऊन पोलिसांत तक्रार केली, छळाची केस उभी राहिली आणि तारखा पडत गेल्या. केस आता तिच्या साक्षीपर्यंत आली होती. तिकडे सर्जेरावाच्या घरात चंपा नावाची बाई येऊन राहिली होती. आणि कार्डावर मात्र अजूनही सत्यशीलाच बायको होती.

रेशनिंग ऑफिसात ती गेली. खिडकीतल्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं.

"भावाच्या कार्डात नाव घालायचं तर आधी नवऱ्याच्या कार्डातून कमी करा. कमी केल्याचा दाखला आणा."

"तोच घ्यायला आले."

"कार्डधारकाचा अर्ज लागतो. आणि मूळ कार्ड."

"ते देत नाहीत हो. माझी त्यांच्यावर केस आहे."

"मग केस संपली की या," तो म्हणाला आणि जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली.

बिलालने मात्र हात टेकले नाहीत. त्याने वरच्या ऑफिसला फोन केले, ईमेल केले. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तहसीलदारांचा दाखला चालेल. तहसील कचेरीत म्हणाले, घटस्फोटाचा हुकूम दाखवा, लगेच देतो. घटस्फोटाचा दावाच झालेला नव्हता. सर्जेरावाला तो नको होता, कारण मग पोटगी ठरली असती. आणि सत्यशीलाने तो केला नव्हता, कारण आधी त्याला शिक्षा होऊ दे, मग सुटका, असा तिचा हट्ट होता. बिलाल म्हणाला, "ताई, योजना करणाऱ्यांनी वाईट विचार नव्हता केला. घर म्हटलं की एक कार्ड, कार्ड म्हटलं की सगळे एकत्र, असं धरलं त्यांनी."

"त्यांच्या घरी असतील एकत्र," सत्यशीला म्हणाली.

तोवर तिला उशा रचून बसल्या बसल्या झोपावं लागत होतं. दुकानात जाणं बंद झालं. ज्ञानदेव तिला न सांगता बिबवेवाडीला जाऊन आला. तो आत आला आणि चप्पल न काढता म्हणाला, "तो भेटायला येतोय तुला. ऐकून घे." मग चप्पल काढायला परत बाहेर गेला.

सर्जेराव दुसऱ्या दिवशी आला. घरात नको म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसली. पाच वर्षांत तो जाड झाला होता. कपड्यांना इस्त्री होती. ती धापा टाकत बाकावर बसली, तेव्हा त्याचा हात आधाराला पुढे आला. तिने अंग चोरलं.

"तब्येत फारच उतरली की गं तुझी."

"कार्ड आणलंय का तुम्ही?"

"आधी चहा घे."

"मला पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलंय. काय ते बोला."

तो बोलला. सरळच बोलला. कंपन्यांनी आता नियम केला होता की कॅबच्या प्रत्येक ड्रायव्हरचा पोलिसांकडचा चारित्र्याचा दाखला हवा. रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडायचं काम, ड्रायव्हर धुतल्या तांदळासारखा पाहिजे. केस चालू असेल त्याला दाखला नाही. त्याची गाडी गेले काही महिने दारात उभी होती.

"तुझाही कागद अडलाय, माझाही अडलाय," तो म्हणाला. "तू माझा सोडव, मी तुझा सोडवतो."

"म्हणजे काय करू?"

"कोर्टात सांग, हात जिन्यावरून पडून मोडला. डॉक्टरला तेव्हा तूच तसं सांगितलं होतंस."

"तुम्ही बाजूला उभे होतात म्हणून सांगितलं होतं."

कपातल्या चहावर साय धरली होती, ती त्याने बोटाने काढली.

"माझं नाव कमी करून द्या," ती म्हणाली. "दादाच्या कार्डावर लावते. तुमचा संबंधच नको."

"नाव कमी केलं की तू माझ्या हातातून गेलीस," सर्जेराव म्हणाला. त्याच्या सुरात गुर्मी नव्हती, हिशेब होता. "मी वाईट असेन, पण तू मरावंस असं नाही वाटत मला. आधी ऑपरेशन होऊ दे. साक्ष नंतर येईल. तू शब्द दिलास की झालं. शब्दाला तू पक्की आहेस, एवढं ओळखतो मी तुला."

तिने उत्तर द्यायला वेळ लावला. एकतर श्वास पुरत नव्हता. आणि दुसरं म्हणजे, हा माणूस आपल्याला ओळखतो हे खरं होतं आणि ते तिला मारापेक्षा जास्त लागलं.

"देते शब्द," ती म्हणाली.

हे राधाताईंना सांगणं भाग होतं. राधाताई बायकांच्या संघटनेत काम करायच्या. पहिल्या दिवसापासून सत्यशीलाबरोबर पोलीस चौकीत, कोर्टात, सगळीकडे त्याच गेल्या होत्या. त्या घरी आल्या, ऐकून घेतलं आणि उभ्याच राहिल्या.

"मी कोर्टात अर्ज करते. कार्ड हजर करायचा आदेश मागते."

"किती दिवस लागतील?"

"पुढच्या तारखेला अर्ज. मग त्यांचं म्हणणं. मग..."

"डॉक्टर म्हणतात तेवढे दिवस नाहीत."

"सत्यशीला, अगं किती बायका तुझ्या केसकडे डोळे लावून बसल्यात! तू फिरलीस तर त्यांनी काय समजायचं?"

"मी मेले तर काय समजतील?"

मुक्ताईने पुढे केलेला चहा राधाताईंनी घेतला नाही. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "तू चुकतेयस असं म्हणत नाही मी. पण मला हे बघवणार नाही." आणि ऑपरेशन होऊन जाईपर्यंत त्या आल्या नाहीत. सत्यशीलाला त्यांचा राग आला नाही. तिला वाटलं, बघवत नाही म्हणून निघून जाण्याची सोय आपल्यालाही असती तर किती बरं झालं असतं.

नोंदणीच्या दिवशी सर्जेराव कार्ड घेऊन हजर झाला. प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड त्याने बिलालच्या हातात दिलं, पण नजर त्या कार्डावरून हलू दिली नाही. बिलालने ते उघडलं, टाइप करायला लागला.

"नाव, सत्यशीला सर्जेराव शितोळे. बरोबर?"

गेली पाच वर्षं ती सगळीकडे सत्यशीला भिलारे, हे माहेरचं नाव लावत होती. ती म्हणाली, "तिथं असेल ते लिहा."

"कार्डधारकाशी नातं?"

सत्यशीला भिंतीवरच्या योजनेच्या पोस्टरकडे पाहत राहिली. त्यावर आई, बाप आणि दोन मुलं एका छत्रीखाली उभी होती.

"पत्नी," सर्जेरावाने उत्तर दिलं.

बिलालने तिच्याकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे, आणि टाइप केलं. "ताई, कॅमेऱ्याकडे बघा." फोटो निघाला आणि तिला लगेच वॉर्डात दाखल करून घेतलं. जे काम एवढे महिने इकडून तिकडे फिरत होतं, त्याची मंजुरी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटरवर येऊन पडली. बिलाल धावत वॉर्डात आला. "मंजूर झालं ताई!" त्याचा चेहरा इतका खुलला होता की तिलाही हसावं लागलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. ज्ञानदेव सहीला पुढे झाला, तशी तिने विचारलं, "तुम्ही कोण?"

"भाऊ."

"पेशंटचे मिस्टर आहेत ना इथं? मग त्यांची घ्यायची."

सर्जेरावाने सही केली. रक्ताची बाटली द्यायची होती, तीही त्याने दिली. ज्ञानदेवला पूर्वी कावीळ होऊन गेली होती, त्याचं चाललं नाही. रक्त देऊन आल्यावर सर्जेराव खाटेपाशी बसला आणि हॉस्पिटलने दिलेलं बिस्किट खात म्हणाला, "बघ, शेवटी आपलं माणूस आपलं असतं." सत्यशीलाने डोळे मिटून घेतले. शेजारच्या खाटेवरची म्हातारी तिला नंतर म्हणाली, "नशीबवान आहेस गं बाई."

ऑपरेशन उत्तम झालं. हे मात्र कबूल केलंच पाहिजे. सर्जन निष्णात होते, नर्सेस जिवाला जीव देणाऱ्या होत्या, कुणी एक रुपयाही मागितला नाही. शुद्धीवर आल्यावर काही दिवसांनी सत्यशीला आडवी झोपली, उशीविना, आणि श्वास पूर्ण आत जाऊन पूर्ण बाहेर आला. ती आनंदाने रडली. आपण कशासाठी काय दिलं, याचा त्या घटकेला तिला अगदी विसर पडला होता.

घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलात कार्यक्रम होता. योजनेतल्या ऑपरेशनांचा कसला तरी मोठा टप्पा पार झाला होता. खालच्या हॉलमध्ये फुलांच्या माळा, पाहुणे, माईक, फोटोवाले. हॉस्पिटलच्या साहेबांनी बिलालला हुकूम सोडला की चालत्या-बोलत्या पेशंटपैकी एक कुटुंब स्टेजवर आण. बिलाल वॉर्डात आला तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती.

"ताई, तुमचं नाव दिलंय साहेबांनी. मी नको म्हणालो होतो."

"दादा येईल माझ्याबरोबर."

"ते कार्डधारकांना बोलावतायत ताई."

ज्ञानदेव खाली औषधं घ्यायला गेला होता. सर्जेराव कार्ड परत न्यायला आलेला होता, तो इस्त्रीच्या शर्टात तयारच होता. त्याने व्हीलचेअर ढकलत तिला स्टेजवर नेलं. पाहुण्यांनी शाल तिच्या खांद्यावर टाकली, नारळ त्याच्या हातात दिला. कुणीतरी माईक पुढे केला. सत्यशीलाच्या छातीत टाके ओढत होते, तिने मानेनेच नाही म्हटलं. सर्जेरावाने माईक घेतला.

"मी एक साधा ड्रायव्हर," तो म्हणाला आणि त्याचा आवाज खरोखरच दाटला. "या योजनेमुळे माझा संसार वाचला."

टाळ्या पडल्या. फोटोवाला ओरडला, "ताई, जरा हसा की!" आणि इतके दिवस डॉक्टर, नर्सा, टेक्निशियन यांनी सांगितलं ते ते सगळं केलेल्या सत्यशीलाने, सवयीने, हेही केलं. फोटो पेपरात आला. खाली ओळ होती, नवजीवन मिळालेलं सुखी दाम्पत्य. कसब्यातल्या बायका तो घेऊन मुक्ताईकडे आल्या आणि म्हणाल्या, "समेट झाला वाटतं? बरं झालं बाई."

घरी आल्यावर तिची तब्येत भराभर सुधारली. रक्त पातळ राहायची गोळी रोज, महिन्याला रक्ताची तपासणी, बाकी काही नाही. ती पुन्हा पोटमाळ्यावर जाऊ लागली. कठड्यावर टेकावं लागत नव्हतं. आणि जसा श्वास परत आला तसा तो शब्दही परत आला. आजारी होती तेव्हा तो दुसऱ्याच कुणीतरी दिल्यासारखा वाटत होता. आता पत्रिका दुमडताना डावं मनगट दुखायचं. ते हाड वाकडंच जुळलं होतं आणि थंडीत हटकून ठणकायचं. जिन्यावरून पडले, असं ती मनातल्या मनात म्हणून बघायची. वाक्य सोपं होतं. दोनच शब्द. पण प्रत्येक वेळी जिन्याऐवजी गाडीचं दारच डोळ्यांपुढे यायचं.

ज्ञानदेव एकदाच बोलला. "शब्द शब्दाच्या जागी. जीव वाचला ना? मिटवून टाक."

"तुला मिटवता येईल दादा. तुझा हात नव्हता तिथं."

तारीख आली. शिवाजीनगरच्या कोर्टात सर्जेराव आधीच येऊन बसला होता. तिला पाहून त्याने मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. राधाताईही आल्या होत्या, मागच्या बाकावर, जणू कुणाच्या तरी दहाव्याला आल्या असाव्यात. सत्यशीला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं, हाताला काय झालं होतं? ती बोलायला लागली आणि तिला स्वतःलाच कळलं नाही, तिने सगळं खरं सांगितलं. दार, चौकट, पहिली वेळ, दुसरी वेळ. डॉक्टरशी खोटं का बोलली तेही. राधाताई ताठ बसल्या. सर्जेरावाचा चेहरा पडला, आणि मग त्याने वकिलाकडे पाहिलं.

वकील उभे राहिले. वयस्कर, शांत गृहस्थ. आवाज अजिबात चढवला नाही.

"बाई, गेल्या वर्षी आपलं हृदयाचं ऑपरेशन झालं. कुणाच्या रेशनकार्डावर?"

"त्यांच्या."

"अर्जात नातं काय लिहिलंय?"

"पत्नी. ते मी नाही—"

"सही आपली आहे का?"

"हो."

"ऑपरेशनला संमती कुणी दिली? रक्त कुणी दिलं?"

"त्यांनी."

"ज्या माणसाने आपला हात मोडला असं आपण म्हणता, त्याच माणसाच्या सहीवर आपण बेशुद्ध व्हायला तयार झालात."

"दुसरा मार्ग नव्हता साहेब. माझं नाव त्या कार्डावर होतं. त्यांनी अट घातली होती, साक्ष फिरवलीस तर कार्ड देतो."

"याचा काही कागद? कुणी साक्षीदार?"

अमृततुल्यातल्या त्या बाकावर दोघंच होती. "नाही," ती म्हणाली.

वकिलांनी पेपरातला फोटो पुढे केला. "यात आपण हसताय."

"फोटोवाला हसा म्हणाला."

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी वर पाहिल्यावर थांबलं. वकील जागेवर जाता जाता वळले. "आणि एक. आपण अजूनही त्यांना अहोजाहो करता, 'त्यांनी', 'त्यांच्या'. मारहाण करणाऱ्याविषयी हा आदर कौतुकाचा आहे."

लग्न झाल्यापासून सत्यशीलाने त्याला तुम्हीच म्हटलं होतं. मार खातानाही तुम्हीच म्हटलं होतं. एका माणसाला एकेरीत ओढायचं कसं, हे तिला येत नव्हतं.

निकाल पुढे काही आठवड्यांनी लागला. पुराव्यात विसंगती, संशयाचा फायदा, निर्दोष मुक्तता. कोर्टाबाहेर पिंपळाखाली राधाताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "खरं बोललीस तू. एवढं पुरे आहे."

"कुणाला पुरे आहे?" सत्यशीलाने विचारलं. राधाताईंनी हात काढला नाही.

सर्जेराव मोटारसायकलला किल्ली लावता लावता थांबला. "शब्द मोडलास," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, ही त्यातली मोठी चीड आणणारी गोष्ट. "तरी मी राग धरत नाही. तुझं नाव कमी करून देतो. आता ठेवून मला काय करायचंय?"

आणि त्याने दिलं. इतके महिने जो अर्ज मिळत नव्हता तो त्याने आठवड्यात भरून टाकला. घटस्फोटाच्या कागदावरही सही करायला तो तयार झाला, पोटगीचं नाव नाही काढायचं एवढ्या बोलीवर. भांडायला तिच्याकडे आता काही राहिलं नव्हतं. तिने सही केली.

रक्ताच्या तपासणीला गेली असताना तिने हे बिलालला सांगितलं. तो घाईघाईने म्हणाला, "मग दादांच्या कार्डावर नाव लवकर लावून घ्या ताई. मधल्या काळात काही झालं तर तुम्ही कुठल्याच घरातल्या नाही." बोलून झाल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. तो माफी मागायला लागला. ती म्हणाली, "राहू द्या बिलालभाऊ. तुम्ही आजपर्यंत मला एकदाही खोटं सांगितलं नाहीत."

मुक्ताईने घरात थोडी कुरकुर केली, कार्डावर माणूस वाढलं की चार ठिकाणी चौकशी होते वगैरे. ज्ञानदेव म्हणाला, "बहीण आहे." तेवढ्यावर ते संपलं. सत्यशीला दाखला आणि कार्ड घेऊन रेशनिंग ऑफिसात गेली. रांग लांब होती. तिच्या पुढे दोन माणसं सोडून एक बाई उभी होती, सात-आठ महिन्यांची गरोदर, पदराने वारा घेत. तिने मागे पाहिलं आणि दोघींनी एकमेकींना एकदम ओळखलं. सत्यशीला कार्ड मागायला बिबवेवाडीला गेली होती, तेव्हा दोघींनी एकमेकींना फक्त दाराच्या फटीतून पाहिलं होतं. ती चंपा होती.

मधल्या माणसांना पुढे जाऊ देत चंपा मागे आली आणि तिच्यापाशी उभी राहिली. तिच्या बोलण्याला विदर्भाकडची लय होती. "ताई, रागावू नका. माझं नाव लावायला आले मी. तुमचं होतं तोवर लागत नव्हतं. आता बाळंतपणाला लागेल म्हणतात दवाखान्यात."

सत्यशीलाने तिच्या पोटाकडे पाहिलं, मग हातांकडे. दोन्ही मनगटांत काचेच्या बांगड्या होत्या, शाबूत. तिला या बाईचा खूप राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण त्या जागी तिला भीती वाटली, आणि ती स्वतःसाठी नव्हती.

"नाव लावून घे," ती म्हणाली. "आणि कार्ड घरात ठेव. तुझ्या हाताशी."

चंपा कसनुसं हसली.

"ते गाडीत ठेवतात ताई," ती म्हणाली. "डॅशबोर्डमध्ये. किल्ली त्यांच्याकडं असते."

खिडकीतून चंपाचं नाव पुकारलं गेलं. ती पोट सावरत पुढे गेली आणि खिडकीतल्या माणसाने तिला विचारलं, "नातं काय?"